पैसे वसूल

तू विचारलंस, रॉस्को, पैसे वसूल झाले का.
बसच्या पोटाखालून विचारलंस, बोल्ट पिळता पिळता, सहज,
आणि मी "हो रे" म्हणून पाना पुढे केला.

ते खरं उत्तर नव्हतं. खोटंही नव्हतं.

हिशेब तुला पाठ आहे, टॅक्सचे कागद तूच भरून दिलेस:
रिफंड आला तो सगळा,
शिवाय मार्लीनाची दाढ,
जी तिने पुढच्या वर्षावर ढकलली
आणि ट्रिपभर एकाच बाजूने चावत राहिली.
चॅटनूगा ते ऑर्लँडो. दहा तास म्हणतात, आम्हाला तेरा लागले.
जॉर्जिया संपता संपत नाही.
मेकनच्या पुढे एमस ओकला,
कूलरमध्ये, सँडविचांवर.

पार्किंगचे पैसे वेगळे.
म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि खुर्चीचं भाडं घ्यायचं.
पाण्याची बाटली केवढ्याला ते सांगत नाही,
तुला ब्लडप्रेशर आहे.
ऊन असं की डांबरावर बुटांचे तळवे चिकटत होते,
आणि रांगेच्या पोटात रांग.
पाटी म्हणते: इथून एकशे दहा मिनिटं.
एवढ्या वेळात आपण बसचे ब्रेक बदलतो,
वर कॉफीही पितो.
आम्ही तेवढ्यात दोनदा भांडलो, एकदा मिटवलं.
पुढे उभी असलेली, ओळख ना देख,
ती बाई मार्लीनाच्या बाजूने बोलायला लागली.

आता ज्यूनीचं ऐक.
ख्रिसमसपासून तिला एकच पाळणा हवा होता,
तो उलटा होणारा, हिरवा.
रांगेच्या टोकाला लाकडी अस्वल, हात आडवा धरून:
चव्वेचाळीस इंच, त्याखाली प्रवेश नाही.
पोरीने मोटेलातले कागदी नॅपकिन
घड्या घालघालून बुटांत कोंबले होते.
सकाळपासून बदकासारखी चालत होती.
आम्हाला वाटलं, फोड आले असतील.

तिथला म्हातारा, बिल्ल्यावर नाव ऑर्व्हिल,
गुडघ्यावर हात ठेवून वाकला. "बाईसाहेब, बूट."

तिने काढले.
एकेक नॅपकिन बाहेर आला, घामाने लगदा झालेला.
मागे दोनशे माणसं उभी
आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

अर्धा इंच, रॉस्को.
मी पाकिटाला हात घातला, उगाच, सवयीने.
दिवसभरात तेवढी एकच गोष्ट निघाली
जिची किंमत कुठे लिहिलेली नव्हती.

ऑर्व्हिलने तिला कार्ड दिलं:
उंच झालीस की ये, रांग न लावता सोडू.
सही आहे. तारीख नाही.
ती रडली नाही. कार्ड उलटं करून मागची बाजू पाहिली.

एमस अकरा वर्षांचा, अस्वलापेक्षा हातभर उंच.
साखळी उघडली, तो आत जाणार,
तर वळला आणि आमच्याकडे आला.
"माझं पोट ढवळतंय," म्हणाला.
त्याचं पोट मेकनलाच रिकामं झालं होतं.

मग आम्ही चौघं कठड्यावर बसून
दुसऱ्यांची पोरं उलटी होताना पाहत राहिलो.
एमस प्रत्येक गाडीला नावं ठेवत होता:
ती बघ, त्या टकल्याची टोपी गेली.
ज्यूनी इतकी हसली की तिला उचकी लागली,
आणि मार्लीना हसली दोन्ही बाजूंनी,
दाढ विसरून.

ही गोष्ट घरच्या अंगणात घडली असती का?
असती कदाचित. मला माहीत नाही.
मी एवढा महाग कठडा आधी कधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी ज्यूनी
स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभी राहते, अनवाणी.
पेन्सिल माझ्या हातात देते.
काल रेघ चव्वेचाळीसच्या वर गेली.
ती काही बोलली नाही. ड्रॉवर उघडला,
कार्ड आहे ना एवढं पाहिलं, बंद केला.

म्हणून ते पैसे वसूलचं राहू दे आता.
शनिवारचा ओव्हरटाइम कोणी घेतलाय का,
तेवढं बघून सांग.